मुले घरी परततात तेव्हा

आपल्या घरांत निरोपाचे उपचार पुष्कळ आहेत. मुलगा शिक्षणासाठी पुण्याला निघाला की त्याच्या हातावर दही पडते, मंदिरात दर्शन होते, आजी पदराच्या टोकाला बांधलेली नोट त्याच्या खिशात सरकवते. मुलगी सासरी निघाली की सारे घर दारात येऊन उभे राहते. परदेशी जाणाऱ्याला सोडण्यासाठी मुंबईच्या विमानतळापर्यंत दोन-दोन गाड्या जातात. परंतु गेलेले मूल पंचविशी-तिशी ओलांडून, आपल्या सामानासह, पुन्हा आईवडिलांच्या घरी राहावयास आले, तर त्याच्यासाठी आपल्याकडे कोणताही उपचार नाही. आहे तो केवळ एक प्रश्न : "किती दिवस आहेस?"

विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काही वाईट नसते. पण ज्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नाही, त्याला हा प्रश्न मंदिराच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या पंगतीत आणि किराणा दुकानातही ऐकावा लागतो. काही मुले मग पंगतीत येणेच टाळतात.

बँकेत छत्तीस वर्षे इतरांचे हिशेब पाहिले. आज आमच्याच दोन घरांतील दोन परतींचा हिशेब वाचकांपुढे ठेवीत आहे. एक परत माझ्या मुलाची आणि दुसरी माझ्या थोरल्या बंधूंच्या मुलीची. दोघांची अनुमती घेऊनच हे लिहीत आहे, पुतणी तर म्हणाली, "काका, लिहाच. फक्त बिचारी म्हणून लिहू नका."

व्यापारी कुटुंबांना हा प्रश्न नवा वाटतो, याचे कारण साधे आहे. पूर्वी कोणी जातच नसे, त्यामुळे कोणी परतही येत नसे. सांगलीच्या बाजारात आमच्या वडिलांचे हळदीचे अडत दुकान होते. दादा मॅट्रिक झाले आणि दुसऱ्या दिवशी गादीवर बसले. हरिपूरच्या पेवांत कोणाची किती हळद आहे, हे वयाच्या विसाव्या वर्षी त्यांना तोंडपाठ होते. मी एम.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि बदल्यांच्या निमित्ताने गावोगाव फिरलो. घराबाहेर बिऱ्हाड करणारा आमच्या कुटुंबातील पहिला माणूस मी. माझ्यानंतरच्या पिढीत मात्र बाहेर जाणे हाच नियम झाला आणि घरी राहणे हा अपवाद ठरला.

या स्थित्यंतरात बँकांचाही वाटा आहे. भारतीय बँक संघाची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना २००१ साली आली. तिच्याखाली कितीतरी मुलांचे अर्ज माझ्या हातून मंजूर झाले. पालक सहकर्जदार, अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराची सवलत, मग हप्ते सुरू, असा तो क्रम. अर्ज तपासताना आम्ही विद्यार्थ्याच्या भावी उत्पन्नाचा अंदाज घेत असू. तो मधेच काही काळ घरी परत येईल, ही शक्यता त्या अंदाजात कधी धरलेली नसे. पालकांच्या मनातही ती नसते.

आता ती शक्यता घरोघर प्रत्यक्षात आली आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-बंगळुरूची मुले लॅपटॉप घेऊन गावी आली, तेव्हा प्रथमच आपल्याला मोठी झालेली मुले महिनोन्‌महिने घरात दिसली. त्यांतील पुष्कळ जण पुढे शहरात गेले. काही गेले नाहीत. त्यानंतर आयटी कंपन्यांतील कपातीने काही जण आले. सीएच्या अंतिम परीक्षेचे चार-पाच प्रयत्न देऊन थकलेला मुलगा येतो. पुण्यात सहा वर्षे एमपीएससीची अभ्यासिका करून एकोणतिसाव्या वर्षी मुलगी येते. कोणी वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी येतो आणि राहतो. कोणी पुण्यातील घरभाडे वाचवून स्वतःच्या सदनिकेची पहिली रक्कम जमवावी म्हणून येतो. कोणाचा संसार मोडलेला असतो. हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. ज्या अमेरिकेत अठराव्या वर्षी मूल घराबाहेर पडते असे आपण ऐकत आलो, तेथे प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीप्रमाणे जुलै २०२० मध्ये १८ ते २९ वयोगटातील ५२ टक्के तरुण आईवडिलांपैकी एकाकडे वा दोघांकडे राहत होते.

इतक्या भिन्न कारणांनी आलेल्या मुलांना आपण मात्र 'परत आला' या एकाच शिक्क्याखाली घालतो. मुलाच्या लग्नाच्या माहितीपत्रकात 'एकत्र कुटुंब' हा गुण म्हणून छापला जातो. त्याच घरात, त्याच खोलीत राहणाऱ्या मुलाविषयी 'तो परत आला आहे' असे कळले की पाहुणे चौकशी सुरू करतात. बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज अनुत्पादक ठरवण्यास हप्ता नव्वद दिवस थकावा लागतो; समाज तेवढाही अवधी देत नाही.

आमचा मुलगा जून २०२३ मध्ये पुण्याहून आला. वय एकोणतीस. हिंजवडीतील एका कंपनीत पाच वर्षे नोकरी केली होती. कंपनीने माणसे कमी केली, त्यांत त्याचा विभागच बंद झाला. दोन बॅगा, एक संगणकाचा पडदा आणि चाकांची एक खुर्ची घेऊन तो रात्री उतरला. त्याच्या खोलीत एव्हाना जादा गाद्या, पाहुण्यांची भांडी आणि माझ्या जुन्या फायली येऊन बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सौ.ने मला फायली हलवण्यास सांगितले आणि कपाट पूर्ण रिकामे केले. मी म्हटले, "दोन कप्पे पुरतील की." ती म्हणाली, "पाहुण्याला खुंटी पुरते. राहणाऱ्याला कपाट लागते."

पहिले दोन आठवडे आम्ही त्याला काहीही विचारले नाही. तिसऱ्या रविवारी दुपारच्या जेवणानंतर आम्ही तिघे कागद घेऊन बसलो. असे बसणे घरच्या माणसांत रूक्ष वाटते, हे मला माहीत आहे. परंतु माझा व्यवसायातील अनुभव असा, की ज्या व्यवहारांत सुरुवातीला संकोचाने काही बोलले जात नाही, तेथेच पुढे मने दुखावतात. भावाभावांतील बहुतेक वाद रकमेवरून होत नाहीत; 'मला वाटले होते' या तीन शब्दांवरून होतात.

पहिला विषय शैक्षणिक कर्जाचा निघाला. एम.बी.ए.साठी घेतलेल्या कर्जाचे अकरा हप्ते शिल्लक होते. सहकर्जदार मीच होतो, आणि निवृत्तीच्या रकमेतून एका धनादेशात ते फेडणे मला शक्य होते. तो नको म्हणाला. त्याच्या बचतीत आठ महिन्यांचे हप्ते होते, तेवढे तो स्वतः भरणार होता. नववा हप्ता थकण्याची वेळ आली तर मी भरावा आणि तो मला परत करावा, असे ठरले. माझ्या मते हे योग्यच झाले. मुलाचा भार हलका करणे निराळे आणि त्याच्या हातून त्याची जबाबदारी काढून घेणे निराळे. नोकरी गेलेल्या माणसाजवळ अभिमानाच्या गोष्टी फार थोड्या उरतात. नियमित भरलेला हप्ता ही त्यांतील एक असते.

दुसरा विषय घरखर्चाचा होता, आणि तेथे सौ.ला वाईट वाटले. "आईच्या घरी जेवणाचे पैसे? ही काय खानावळ आहे?" यावर मुलाने दिलेले उत्तर माझ्या स्मरणात आहे. तो म्हणाला, "आई, मी काहीच दिले नाही तर आज मला ही भाजी नको, असे म्हणण्याचाही मला हक्क वाटणार नाही." शेवटी असे ठरले, की उत्पन्न नाही तोवर पैसे नाहीत, त्याऐवजी माझ्या रक्तदाबाच्या आणि सौ.च्या गुडघ्याच्या दवाखान्याच्या फेऱ्या, विजेचे-पाण्याचे व्यवहार आणि घराची दुरुस्ती त्याच्याकडे. उत्पन्न सुरू झाले की दरमहा दहा हजार रुपये घराच्या खात्यात. सात महिन्यांनी त्याला पूर्वीपेक्षा कमी पगाराची, पण घरून करावयाची नोकरी मिळाली, तेव्हापासून ते दहा हजार एक तारखेला जमा होतात. त्यातून सौ.ने संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी आणि भांड्यांसाठी बाई ठेवली. मूल घरी आले की आईचे काम दुप्पट होते, याची नोंद आपण सहसा कोठेच करीत नाही. साठी उलटलेल्या स्त्रीने तिसऱ्यांदा डबे भरावयास लागावे, हे प्रेमाच्या नावाखाली खपून जाते. प्रेम खरेच असते. गुडघेही खरेच दुखत असतात.

तिसरा विषय वेळेचा होता. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण होते आणि मग स्वयंपाकघर बंद होते. मुलाचे काम न्यूयॉर्कच्या मंडळींबरोबर. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले सायंकाळचे साडेसहा, आणि त्यांची घड्याळे मागे गेली की हिवाळ्यात साडेसात. तेथून अकरापर्यंत त्याचे बोलणे चाले. पुण्यात पाच वर्षे तो रात्री दहाला जेवत होता. नियम त्याच्यावर लादावा की त्याच्यासाठी मोडावा, असे दोनच पर्याय आहेत असे प्रथम वाटते. आम्ही तिसरा काढला. घराचा नियम घराला राहील. पावणेसहाला गरम जेवण तयार असेल, आणि ते घ्यावे की नाही हे तो ठरवील. बाहेर तो काय आणि केव्हा खातो, हे आम्ही विचारणार नाही. गेले दीड वर्ष तो पावणेसहाला आमच्याबरोबर जेवतो. त्याच्या टेबलाच्या खणात रात्रीसाठी काय असते, ते आम्ही पाहिलेले नाही आणि विचारलेलेही नाही. पर्वाच्या दहा दिवसांत तो खण रिकामा असतो, असे त्यानेच एकदा आपणहून आईला सांगितले.

आता दुसऱ्या परतीविषयी. 'परत आला' आणि 'परत आली' ही एकाच क्रियापदाची दोन रूपे. पण समाजात त्यांचे उच्चार निराळे होतात. मुलगा परत आला तर लोक कारण विचारतात. मुलगी परत आली तर कारण विचारण्यापूर्वीच सल्ला देतात. माझी पुतणी २०२२ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, विवाह संपवून सांगलीस आली. त्या महिन्यात दादांच्या घरी जेवढी माणसे आली, तेवढी तिच्या लग्नाच्या आधीही आली नव्हती. समजूत घाला, पाठवा. थोडे सोसावे लागते. दुसरे स्थळ माहितीत आहे, असे हे सल्ले. वहिनी फार बोलणाऱ्या नाहीत. प्रत्येकाला त्या चहा देत आणि म्हणत, "ती आधी नीट झोपू दे." चार-पाच महिने हेच उत्तर मिळाल्यावर माणसे यायची थांबली.

पुतणी वाणिज्य पदवीधर. लग्नापूर्वी तिने तीन वर्षे एका लेखापालांच्या कार्यालयात काम केले होते. तरीही घरी आल्यावर ती आपसूक स्वयंपाकघरात गेली आणि तेथेच राहिली, कारण परत आलेल्या मुलाची जागा पेढीवर आणि परत आलेल्या मुलीची जागा आईच्या मागे, हे आपल्याकडे कोणी न सांगता ठरलेले असते. पुढच्या फेब्रुवारीत हळदीचा हंगाम तोंडावर आला आणि दुकानाचे दिवाणजी आजारी पडले. दादांनी तात्पुरती सोय म्हणून हिशेबाचे काम घरी तिच्याकडे पाठवले. पंधरा दिवसांत ती मार्केट यार्डात जाऊन बसू लागली.

तिने काय केले, हे व्यापारी वाचकांना सांगण्याजोगे आहे. तिने प्रथम येणे बाकीची यादी नावावार न लावता वयानुसार लावली : एक महिन्याच्या आतील, तीन महिन्यांपर्यंतची, सहा महिन्यांवरची. तेव्हा दिसून आले, की एकूण येण्याचा जवळजवळ पाचवा भाग सहा महिन्यांहून जुना आहे, आणि त्यांतील दोन पार्ट्यांना अजूनही माल जात आहे. दादांना प्रत्येक पार्टी तोंडपाठ होती. पण तोंडपाठ असलेल्या माणसाला वय दिसत नाही, कारण तो सर्वांना सारखेच जवळचे मानतो. जीएसटीची विवरणपत्रे वेळेवर जाऊ लागली. जुन्या येण्यांपैकी बरेच दिवाळीच्या आत वसूल झाले, तेही कोणाशी संबंध न तोडता. परपेठेतील एक व्यापारी दादांना फोनवर म्हणाले, "तुमच्या मॅडमचा फोन आला की नाही म्हणवत नाही."

मग एके दिवशी जेवताना तिने विचारले, "अप्पा, दिवाणजींना तुम्ही दरमहा काय देत होता?"

"बावीस हजार."

"मला काय देणार?"

दादा हसले. "घरच्या माणसाला पगार कसला? लागेल तेव्हा मागून घे. तुला मी कधी नाही म्हटले आहे का?"

"नाही म्हटले नाही, अप्पा. पण मागूनच घ्यायचे असते तर मी सासरीच राहिले असते."

ताटांचा आवाज थांबला. मी त्या दिवशी तेथेच जेवावयास होतो. दादांना राग आलेला नव्हता. आपल्या मुलीने सात वर्षे कशात काढली, ते त्यांना त्या एका वाक्यात प्रथमच समजले असावे. पण खरी गोष्ट त्यानंतर घडली. माझा पुतण्या, वय छत्तीस, दोन मुलांचा बाप, चौदा वर्षे त्याच पेढीवर पहाटेपासून राबणारा, घर सोडून कधीही कोठे न गेलेला, खाली पाहत म्हणाला, "अप्पा, तिला देणार असाल तर माझाही विचार करा."

दर जूनमध्ये मुलांच्या शाळेची फी तो वडिलांकडून मागून घेई. पत्नीला साडी घ्यावयाची तरी गल्ल्यातून किती काढले, हे सांगावे लागे. हे घरातील सर्वांना माहीत होते आणि चौदा वर्षांत कोणी बोलले नव्हते. परत आलेल्या बहिणीने स्वतःसाठी दार उघडले आणि घरीच राहिलेला भाऊ त्यातून बाहेर आला.

दादांनी मला विचारले, "तू बँकेत होतास. सांग, हे कायद्यात बसते का?" बसते, आणि फायद्याचेही आहे. नातेवाइकाने काम खरोखर केलेले असेल आणि पगार कामाच्या मानाने वाजवी असेल, तर तो धंद्याचा रीतसर खर्च धरला जातो. रक्कम बँकेतून द्यावी, नोंद ठेवावी, कर लागू असेल तर कापावा. पण याहून महत्त्वाची बाब निराळी आहे. मी शाखेत असताना व्यापारी घरांतील असे अनेक तरुण गृहकर्जासाठी येत. दुकानाची उलाढाल मोठी, अंगावर कपडे चांगले, वागणे आदबशीर. परंतु स्वतःच्या नावावर ना पगार, ना नफ्याचा वाटा, ना प्राप्तिकराची विवरणपत्रे. बँक साधारणतः दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. ती नसतील तर अशा माणसाचे उत्पन्न बँकेच्या दृष्टीने शून्य असते. चौदा वर्षांच्या कष्टांची कोठेच नोंद नाही, म्हणजे तो माणूस त्या घरात जमाखर्चाबाहेर जगला. वडील आहेत तोवर हे निभते. त्यांच्यानंतर हिस्से पाडताना 'तू काय केलेस' हा प्रश्न निघाला, की दाखवावयास कागदाचा तुकडाही नसतो.

त्यामुळे पुतणीला पंचवीस हजार आणि पुतण्याला चाळीस हजार, असा पगार एप्रिल २०२४ पासून सुरू झाला. रकमेतील हा फरक पुतणीने स्वतः मान्य केला. खरेदीचे जोखमीचे काम भावाकडे आहे, असे ती म्हणाली. दोन वर्षांनी, दोघांची इच्छा असल्यास, दादांच्या एकट्याच्या नावाची पेढी भागीदारीत न्यावयाची, असेही ठरले. १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली लेखी करार, प्रत्येकाचा हिस्सा, आणि कोणी बाहेर पडू इच्छिल्यास त्याची रीत, हे सर्व त्यात असेल.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. परत आलेल्या मुलीला जागा देणे, हा वडिलांचा किंवा भावाचा उपकार नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा आपणा जैनांनाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद केले. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावरील शंकाही दूर केल्या. लग्न झाले म्हणून हा हक्क जात नाही आणि लग्न मोडले म्हणून नव्याने मिळत नाही. तो असतोच. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीचे मात्र तसे नाही. तिची विल्हेवाट तेच इच्छापत्राने लावू शकतात. म्हणून दादांनी दोन्ही मुलांसमक्ष इच्छापत्र केले. बँकेतील नामनिर्देशन पुरेसे आहे, असा समज आपल्याकडे फार आहे. नामनिर्देशित व्यक्ती केवळ वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते. मालकी वारसांचीच राहते.

हा झाला मुलांच्या बाजूचा विचार. आईवडिलांच्या बाजूचाही तितक्याच सरळपणे व्हावयास हवा. घरी आलेल्या मुलाच्या नव्या उद्योगासाठी वडिलांनी आपली सारी मुदत ठेव मोडू नये. निवृत्तिवेतन नसलेल्या व्यापाऱ्याला तर त्या ठेवीखेरीज आधार नसतो. द्यावयाचे असेल तर जेवढे परत आले नाही तरी आपली औषधे थांबणार नाहीत, तेवढेच द्यावे, आणि ते देणगी आहे की उसने, हे देतानाच बोलावे. राहते घर हयातीत मुलांच्या नावावर करण्याची घाई करू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली एका निकालात म्हटले आहे, की आईवडिलांच्या स्वकष्टार्जित घरात राहणे हा प्रौढ मुलाचा कायदेशीर हक्क नसून ती त्यांची अनुमती असते. कोणत्याही घरात हा निकाल काढून दाखवण्याची वेळ येऊ नये. पण तो ठाऊक असलेला आई-बाप अनुमती अधिक मोकळ्या मनाने देतो, असे मी पाहिले आहे. ज्याला आपले काही हिरावले जाण्याचे भय नाही, त्याला दार उघडे ठेवणे जड जात नाही.

एक धोका मात्र कायद्याच्या कक्षेत येत नाही. मूल परत आले, याचा आई-बापांना मनातून आनंदही होतो. घर भरते, संध्याकाळी कोणी बोलावयास असते. मग नकळत असे वाटू लागते, की याची नोकरी फार लवकर लागू नये. लागली तर याच गावात लागावी. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर न करता त्यांवरील आसक्तीवर केली आहे. सोने-नाणे, घरे-दुकाने यांचे परिमाण बांधून घेणारे आपल्यात अनेक आहेत. मुलांवरील आपल्या हक्काचेही परिमाण बांधता येईल का, हा विचार त्या निमित्ताने करावासा वाटतो. मूल घरी आले म्हणजे जुनी ठेव व्याजासह परत मिळाली, असे होत नाही. एक प्रौढ माणूस आपल्या आयुष्याच्या एका टप्प्यावर आपल्या घरात राहावयास आला आहे, आणि तो आपल्याला आवडणारा माणूस आहे, एवढेच झालेले असते.

आमच्या मुलाबरोबर आम्ही दर सहा महिन्यांनी पुन्हा कागद घेऊन बसतो. रोखकर्जाची मर्यादा जशी दरवर्षी नव्याने तपासली जाते, तसेच. गेल्या खेपेस त्याने सांगितले, की पुढील वर्षी कदाचित तो पुन्हा पुण्याला जाईल. सौ.ने विचारले, "खुर्ची नेणार की ठेवणार?" तो म्हणाला, "खुर्ची नेतो. कपाट तेवढे माझेच ठेव." ते कपाट ठेवायचे, असे कागदावर लिहून ठेवले आहे.

दादांच्या पेढीवर हिशेबाचे वर्ष आता एप्रिलमध्ये सुरू होते आणि सारा जमाखर्च संगणकावर असतो. तरी दिवाळीला लाल वहीचे पूजन होतेच, आणि पहिल्या पानावर दादा स्वहस्ते लिहितात. गेल्या दिवाळीला त्यांनी नेहमीप्रमाणे स्वस्तिक काढले, वीर निर्वाण संवत लिहिले. मग पान उलटून दोन नवी खाती घातली. एक मुलाच्या नावाचे, एक मुलीच्या. मुलीच्या नावापुढे त्यांनी माहेरचे आडनाव लिहिले, क्षणभर थांबले, आणि तिला विचारले, "असेच ना?"

ती म्हणाली, "असेच, अप्पा."

दादांनी वहीवर हळद-कुंकू वाहिले आणि पेढ्यांचा पुडा उघडला.